गळालेल्या की गाळलेल्या?

तीन वर्षांपूर्वीच्या ८ मार्चला आम्ही दौंडमध्ये नेहमीचा मेळावा न घेता एक कार्यशाळा घेतली. स्टेशनजवळचा एक छोटा हॉल, मागून आणलेले चार लॅपटॉप, बाकी सगळ्यांच्या हातात आपापले मोबाइल. इंटरनेटवर मराठीत एक सामुदायिक प्रकल्प चालतो. गावांची माहिती, बोलीतले शब्द, माणसांची चरित्रे अशा नोंदी त्यात कोणीही लिहाव्यात, कोणीही सुधाराव्यात, पगार कोणालाच नाही. प्रकल्पाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझे भांडण त्या एका प्रकल्पाशी नाही. त्या दिवशी अकराजणी आल्या होत्या. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची खाती उघडली, नऊ नोंदी झाल्या, फलकासमोर फोटो निघाला. अहवालात मी वाक्य लिहिले : "ग्रामीण स्त्रियांचा ज्ञाननिर्मितीत सहभाग वाढला."

वर्षभराने अनुदान देणाऱ्या संस्थेने विचारले, त्या अकराजणींचे पुढे काय झाले? मी प्रकल्प उघडून पाहिला. दहाजणींच्या खात्यावर कार्यशाळेनंतरच्या पंधरवड्यापलीकडे काहीही नव्हते. खरे सांगायचे तर अकराच्या अकरा गप्प असतील असेच मला वाटले होते. माझे स्वतःचे बारावे खातेही केव्हाच बंद पडले होते, ते मी अहवालात धरले नव्हते.

अशा वेळी आपण कार्यकर्त्या जे लिहितो तेच मी लिहून टाकले. घरकामामुळे वेळ मिळत नाही, नेटवर्कची अडचण आहे, पुन्हा प्रशिक्षणाची गरज आहे. अहवाल मंजूरही झाला. पण मनातून ते जाईना. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला शिकवले होते की कोणत्याही कामाची तब्येत कळायची असेल तर टिकलेल्यांना नव्हे, सोडून गेलेल्यांना विचारा. प्रत्यक्षात हे आपण कधी करतो? बचत गटाच्या वहीत हजर बाईची सही असते, न आलेलीच्या नावापुढे फुली. ती फुली का पडली हे लिहायला वहीत रकानाच नसतो. म्हणून पुढचे चार महिने, जमेल तसे, मी त्या दहाजणींना भेटत गेले. दौंड, पाटस, वरवंड, कुरकुंभ, आणि एक पार शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला. एसटीने, कधी कोणाच्या गाडीवर मागे बसून.

पहिले उत्तर सगळ्यांचे एकच आले. "वेळ नाही हो ताई." ते खोटे नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटे निघाली आणि पुरुषांची ८८. मुलांची, म्हाताऱ्यांची काळजी वेगळीच. जिचे दिवसाचे पाच तास असे जातात तिने रात्री ज्ञानकोश लिहावा ही अपेक्षाच थोडी उद्धट आहे. पण याच बायका भिशीला जातात, सप्ताहात पारायणाला बसतात, एकीने तर त्या वर्षात शिवणाचा आख्खा कोर्स केला. वेळ नाही हे पाहुणीने 'भूक नाही' म्हणण्यासारखे आहे. ताटात काय आहे ते पाहून ती तसे म्हणते. दुसरा चहा होईपर्यंत बसले की खरे कारण बाहेर यायचे.

पहिली भेट एका अंगणवाडी सेविकेची. भीमेकाठचे गाव तिचे. कार्यशाळेत तिने आपल्या गावच्या सुईणीबद्दल लिहिले होते. अर्ध्या गावाच्या नाळा कापलेली बाई, दाखवायला कागद एकही नाही. नोंद चांगली पंधरा-सोळा ओळींची होती, मी स्वतः वाचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथे नव्हती. जागेवर एक ठरावीक संदेश : व्यक्ती उल्लेखनीय नाही, संदर्भ दिलेला नाही. सेविका मला म्हणाली, "संदर्भ म्हंजी काय ते मला तवा कळलंच नाही. मी सोताच तिच्या हातची हाय, आजून काय पायजे?" तिने कोणाला काही विचारले नाही. विचारायचे कुठे तेही ठाऊक नव्हते. मोबाइल ठेवून दिला आणि पोषण ट्रॅकरवर मुलांची वजने भरायला लागली. ते ॲप २०२१ पासून तिच्या मागे आहेच.

आता या नियमाबद्दल मला दोन्ही बाजूंनी बोलायचे आहे. नियम मूर्खपणाचा नाही. छापील पुरावा मागितला नाही तर आपल्या तालुक्यातला प्रत्येक भावी नेता वाढदिवसाचा फ्लेक्स काढून तो जसाच्या तसा तिथे चिकटवील, हे दौंडच्या चौकात उभ्या राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. पण हाच नियम आख्ख्या जगावर लावला की काय होते? ज्यांच्याबद्दल छापले गेले तेच पुन्हा लिहिले जातात. आणि छापले कोणाबद्दल गेले, हे आपल्याला चळवळीने चांगले शिकवले आहे. शेतात, चुलीपुढे, बाळंतिणीच्या खोलीत जे ज्ञान होते त्याला छापखाना भेटलाच नाही.

हे फक्त आपल्या खेड्यापुरते नाही. कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा लेख २०१८ च्या मे महिन्यात इंग्रजी विकिपीडियावर कोणीतरी लिहून पाहिला. पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून तो नाकारला गेला. २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. भौतिकशास्त्रात ५५ वर्षांनी ते एका बाईला मिळत होते. मग त्यांचे पान उभे राहिले. अमेरिकेतल्या फ्रान्सेस्का ट्रिपोडी यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की इंग्रजी विकिपीडियावर मुळात पाचातले एक चरित्रही पुरते बाईचे नाही, आणि आहेत त्यांच्यातली काढून टाकण्यासाठी पुढे केली जातात ती पुरुषांच्या मानाने जास्त. त्यांतली कितीतरी चर्चेअंती शिल्लक राहतात, म्हणजे ती योग्यच होती. पण त्या चर्चेत कोणाची शक्ती खर्च होते? नोबेल मिळवलेल्या बाईची ही कथा, तिथे आमची सुईण कोण?

दुसरी भेट कुरकुंभकडच्या एका शिक्षिकेची. तिची तक्रार नोंद पुसल्याची नव्हती, सुधारल्याची होती. तिने घरच्या जेवणाबद्दल लिहिताना 'कोरड्यास' हा शब्द वापरला होता. आपल्याकडे भाकरीबरोबर खायच्या पातळ कालवणाला म्हणतात ते. कोणीतरी तो खोडून 'भाजी' केले. तिने परत 'कोरड्यास' लिहिले, परत 'भाजी' झाले. तिसऱ्यांदा तिला संदेश आला की प्रमाण मराठीत लिहावे, शुद्धलेखनाचे नियम पाहावेत. ही बाई बावीस वर्षे मुलांना शुद्धलेखन शिकवते आहे. ती शांतपणे म्हणाली, "माझं मराठी शाळेत चालतं, तिथं चालत नाही म्हणे. मग कशाला लिहू?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मलाच जास्त लागले.

तिसरीकडे तर बोलणेच अवघड झाले. नवऱ्याची नोकरी पोलिसातली. नोंद लिहून आठवडा झाला, तेव्हा रात्री साडेअकराला एका अनोळखी सदस्याचा संदेश तिच्या मोबाइलवर वाजला. मजकूर साधाच होता, चित्र कसे जोडावे ते सांगणारा. पण फोन नवऱ्याने उचलला. "एवढ्या रात्री कोण तुला शिकवतंय?" एवढा एक प्रश्न पुरला. तिने खाते कसे पुसायचे ते विचारायला मला फोन केला होता. मला ते आठवलेही नव्हते. ते पुसता येत नाही, एवढे सांगून मी फोन ठेवला होता. म्हणजे सोडून जायचे कारण सांगायला ती आपणहून माझ्यापर्यंत आली होती आणि मी ऐकले नव्हते.

वीस वर्षांची एक मुलगी होती, सगळ्यांत हुशार. मामेबहिणीबरोबर बसून तिने पंधरा दिवसांत सहा नोंदी केल्या. मग तिचे लग्न ठरले. जुना नंबर माहेरीच राहिला, तो आता धाकटा भाऊ वापरतो. पासवर्ड त्या नंबरावर. सासरच्या घरात फोन दोन, पण तिचा असा एकही नाही. बाईचे आडनाव बदलते, रेशनकार्ड बदलते, त्यात आता खातेही गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या शंभरातल्या ५४ बायकांनीच स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचे सांगितले होते. प्रकल्प 'सर्वांसाठी खुला' आहे असे म्हणताना हा आकडा कोणी धरते का?

बाकीच्या सहाजणींची हकीगत थोड्याफार फरकाने अशीच. दोघी निव्वळ कंटाळल्या, तसे त्यांनी सरळ सांगितले आणि मला ते आवडले. काम आवडले नाही तर सोडण्याचा हक्क बाईला आहेच.

या भेटी चालू असतानाच मी दुसरीकडच्या अभ्यासांची माहितीही जमवत होते. जगातला सर्वांत मोठा सामुदायिक लेखनप्रकल्प विकिपीडिया. तो इंग्रजीत २००१ मध्ये सुरू झाला, मराठीत १ मे २००३ रोजी. इंग्रजीत नियमित लिहिणाऱ्यांची संख्या २००७ मध्ये सुमारे ५१ हजारांवर पोचली होती. २०१३ पर्यंत ती ३१ हजारांच्या आसपास उतरली. सगळ्यांना वाटले, लिहिण्यासारखे संपले असेल किंवा येणारे लोक बेजबाबदार असतील. ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की येणाऱ्या नव्या माणसांत प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यांचे प्रमाण कमी झालेले नव्हते. बदलले होते ते स्वागत. खोडसाळ लोकांना आवरण्यासाठी जुन्या मंडळींनी अर्धयांत्रिक साधने आणि नियमांचे जाळे तयार केले, आणि त्या जाळ्यात भले लोकही तसेच पुसले जाऊ लागले. पहिलेच लिहिलेले पुसले गेले की माणूस परत येत नाही. त्याआधी २०११ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या अभ्यासकांना असे आढळले होते, की नव्याने आलेल्या बायकांचे लेखन नव्या पुरुषांपेक्षा अधिक वेळा उलटवले जाते. त्याच वर्षीच्या विकिमीडियाच्या स्वतःच्या पाहणीत लिहिणाऱ्यांत बायका जेमतेम नऊ टक्के होत्या.

मराठीचे चित्र याहून लहान पण वेगळे नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. त्यात मराठी विकिपीडियावर महिन्याभरात एखादा तरी बदल करणारे शेकड्यात मोजावे लागतात. एवढ्या थोड्या हातांनी ते काम चालले आहे याचे मला कौतुकच आहे. पण थोडे हात असले की दमलेलेही असतात, आणि दमलेला माणूस दारात आलेल्या नव्या बाईशी दोन शब्द बोलण्याऐवजी ठरावीक संदेश चिकटवून मोकळा होतो. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. आमच्या समुपदेशन केंद्रात संध्याकाळी सहानंतर आलेल्या बाईशी मी कशी बोलते ते माझे मला माहीत आहे.

जो फ्रीमन या अमेरिकन कार्यकर्तीने १९७० च्या सुमारास स्त्रीगटांबद्दल मांडलेला मुद्दा आपल्यापैकी जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. ज्या गटात नेता नाही, नियम नाहीत असे म्हटले जाते तिथेही सत्ता असतेच, फक्त ती दिसत नाही. जुन्या ओळखीच्या, एकमेकींची भाषा कळणाऱ्या चौघीजणी ती चालवतात. नवीन आलेलीला कळतच नाही की कोणते दार कुठे आहे. 'कोणीही लिहा' म्हणणाऱ्या प्रकल्पांना हे जितके लागू आहे तितकेच आपल्या बैठकांनाही. आपल्या बैठकीत 'पितृसत्ता', 'अवकाश', 'हस्तक्षेप' हे शब्द ऐकून मागे बसलेली आणि पुढच्या वेळी न आलेली बाई, आणि 'उल्लेखनीयता' वाचून फोन ठेवणारी सेविका, यांत मला तरी फार फरक दिसत नाही.

आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्या याच्या उलट मताच्या आहेत. त्या म्हणाल्या, "सोडलं ते बरंच केलं. फुकटचं राबणं बायकांना कमी आहे का?" हा आक्षेप मला हसण्यावारी नेता येत नाही. 'स्वयंसेविका' या शब्दाने आपल्या बायकांचे पुष्कळ नुकसान केले आहे. आशा कार्यकर्ती २००५ पासून सरकारी कागदावर स्वयंसेविकाच आहे. पगार नाही, मोबदला. २०२१ च्या जूनमध्ये, करोनाच्या ऐन धामधुमीनंतर, राज्यातल्या आशांना संपावर जावे लागले. २०२३ च्या डिसेंबरात अंगणवाडी सेविका संपावर गेल्या. ज्ञानाच्या नावाने तेच पुन्हा सुरू करायचे का? ज्या नोंदी बायका फुकट लिहितील त्यांवर उद्या मोठ्या कंपन्यांची बोलकी यंत्रे शिकतील आणि पैसे कमावतील. विकिपीडियाच्या मजकुरावर ती शिकतच आहेत.

तरी मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. ती यंत्रे शिकतीलच, आपण लिहिले तरी आणि नाही लिहिले तरी. न लिहिले तर त्यांनाही सुईण ठाऊक नसेल आणि कोरड्यास ठाऊक नसेल, आणि आपल्या मुली प्रश्न विचारणार आहेत त्यांनाच. शिवाय राबवून घेणे आणि आपणहून करणे यांतला फरक बाईला नेमका कळतो. सेविकेने ती सोळा ओळी कोणाच्या आदेशावरून लिहिल्या नव्हत्या. पोषण ट्रॅकर आदेशाचा आहे. जे आदेशाचे ते चालू राहिले आणि जे मनाचे ते बंद पडले, हे मला खुपते.

दौंड तालुक्यात बसून हे लिहिताना केडगाव आठवल्याशिवाय राहत नाही. माझ्या ऑफिसपासून रेल्वेने अर्ध्या तासावर पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. तिथल्या छापखान्यात विधवा आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली खिळे जुळवत, छापत, पुस्तके बांधत. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे रमाबाईंचे अवाढव्य काम या बायांच्या हातांनी झाले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, पुस्तक १९२४ मध्ये पुरे होऊन निघाले. धर्माचा प्रश्न बाजूला ठेवून मी याकडे बायकांनी मिळून केलेले काम म्हणून पाहते. त्या टिकल्या, कारण त्यांना छप्पर होते, जेवण होते, शेजारी बसलेली दुसरी बाई होती, आणि चुकलेला खिळा काढून कसा बसवायचा हे दाखवणारे कोणीतरी समोर होते. अर्थात त्यांतल्या बहुतेकींना जायला दुसरी जागाही नव्हती, हे विसरून चालणार नाही. आणि रमाबाईंचे नाव राहिले, खिळे जुळवणाऱ्यांपैकी आपल्याला किती नावे सांगता येतील?

आता अकरावी. ती अजून लिहिते. वयाने साठीच्या पुढची, रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाची विधवा. ती फक्त गावांची नावे दुरुस्त करते. मनमाडच्या आणि सोलापूरच्या मार्गावरचे कोणते स्टेशन कसे म्हणायचे हे तिला तोंडपाठ. तुम्ही का टिकलात, असे विचारल्यावर तिने मोबाइल उघडून एक संदेश दाखवला. नागपूरकडच्या कोणा अनोळखी बाईने लिहिले होते, की तुम्ही दुरुस्त केलेले माझ्या आजोळच्या गावाचे नाव आज प्रथमच बरोबर दिसले. एवढेच. दोन वर्षांपूर्वीचा संदेश तिने जपून ठेवला होता.

मला वाटले, हा भाबडेपणा आहे. पण रेस्टिव्हो आणि व्हॅन द रिज्त या अभ्यासकांनी २०१२ मध्ये असा प्रयोगच केला होता. विकिपीडियावर भरपूर काम करणाऱ्या काहींना सहकाऱ्याकडून मिळते तशी एक शाबासकीची खूण दिली, काहींना दिली नाही. खूण मिळालेल्यांचे काम इतरांच्या तुलनेत सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. जर्मन भाषेत याना गालस यांनी नव्या लेखकांवर तसाच प्रयोग केला, तेव्हा टिकून राहणारे सुमारे २० टक्क्यांनी वाढले. पैसा नाही, पद नाही. तुझे काम कोणीतरी पाहिले, एवढाच निरोप. आणि एमिली टेम्पल-वुड या अमेरिकन तरुणीचे उदाहरण मला फार आवडते. तिला जेव्हा जेव्हा छळणारा ईमेल येई तेव्हा तेव्हा ती एका शास्त्रज्ञ बाईवर लेख लिही. पण तिच्यासारखी जिद्द प्रत्येकीकडून मागणे हा पुन्हा बाईवरच भार टाकणे झाले. न छळणारी जागा मागणे जास्त सरळ.

आम्ही आता काय करतो आहोत ते सांगते. फार मोठे नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी दोन तास एकत्र बसतो, मुले घेऊन. रात्री कोणी लिहायचे नाही आणि फोनवर संदेशांचा आवाज बंद, हे पहिल्याच दिवशी ठरले. प्रत्येकीचा पासवर्ड नंबराऐवजी ईमेलला जोडून घेतला, तो ईमेलही तिचाच. शिक्षिकेने 'कोरड्यास' परत घातला, या वेळी शब्दकोशाचा आधार देऊन, आणि तो अजून टिकला आहे. नोंद पुसली गेली तर तिने एकटीने वाचायचे नाही, आमच्यापैकी एकीने शेजारी बसून वाचायचे आणि उत्तर दोघींनी मिळून लिहायचे. पहिल्या रविवारी चौघी आल्या, दुसऱ्या वेळी सहा, मागच्या महिन्यात ऊसतोडीच्या गडबडीत तिघीच.

सुईणीची नोंद अजून परत गेलेली नाही. एका स्थानिक साप्ताहिकाने सेविकेचा लेख छापायचे कबूल केले आहे. तो छापून आला की तोच संदर्भ होईल. सेविकेला हे मी सांगितले तेव्हा ती हसली. "म्हंजी माझंच म्हननं, पन छापलं की खरं?" मी हो म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

तुमच्या गटातून, मासिकातून, कोणत्याही कामातून कोण केव्हा सोडून गेली, आणि तिला कोणी विचारले का, हे आम्हाला लिहून कळवा. गेलेल्या मैत्रिणीने स्वतः लिहिले तर जास्त बरे. नाव नको असेल तर छापणार नाही.